दीना, तुझं नाव चुकीच्या रकान्यात राहिलं

दीना, तुझ्या मातीला सगळे आले. आठ महिने ज्यांना तुझं घर सापडलं नव्हतं, त्यांना कबरस्तान बरोबर सापडलं. पाळकसाहेब आले, चर्चची सात पंचांची कमिटी आली, कमिटीच्या बायका कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या. अध्यक्ष सॅम्युएलराव प्रकल्पाच्या गाडीतून आले. त्या गाडीत तू हयातीत दोनदा बसलीस, तेही मागे, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर. हार इतके घातले की तुझा चेहरा दिसेना. तुला बोलता आलं असतं तर म्हणाली असतीस, "काढा रे ह्ये, दम घुटून राह्यला माझा."

पाळकसाहेबांनी प्रवचन केलं. म्हणाले, "दीनाबाईंनी शेवटच्या श्वासापर्यंत घरोघरी जाऊन सेवा केली." मंडळी म्हणाली, आमेन. मीही म्हणालो. खुब्याचं हाड मोडून आठ महिने खाटेला खिळलेली बाई शेवटच्या श्वासापर्यंत घरोघरी कशी गेली, खाटेसकट गेली का, हे एकानंही विचारलं नाही. विचारणार कोण? ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना फिकीर नव्हती, आणि ज्याला सगळं ठाऊक होतं तो तुझ्या उशाशी उभा राहून आमेन म्हणत होता.

मूठमाती टाकून मी हात झटकतोय तोवर सॅम्युएलराव जवळ आले. "मास्तर, बाईवर इंग्लिशमदी येक पान लिहून द्या. फोटो हाये आपल्याकडं. नव्या फंडाच्या अर्जाला जोडायचं हाये, रविवारपर्यंत द्या. जरा काळजाला लागंल असं लिहा, तुम्हाला काय सांगायचं." मी म्हणालो, "देतो." तुझ्या कबरीची माती अजून ओली होती, दीना, आणि मी 'देतो' म्हणालो. चर्चच्या सेक्रेटरीचं तोंड असंच असतं, आपोआप उघडतं.

घरी येऊन बसलो. पहिलं वाक्य इंग्रजीत झकास उतरलं. तीस वर्षं मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, खोटं लिहायला ती भाषा मला फार सोयीची पडते. तिच्यात मला कुणी ओळखत नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र पेन अडलं. म्हणून तो कागद बाजूला सारला आणि हे मराठीत लिहितोय, तुला. रविवारी त्यांच्या हातात काय ठेवायचं, त्यांना हवं ते की घडलं ते, एवढं मला हे लिहून होईपर्यंत ठरवायचं आहे.

तुला तो पहिला दिवस आठवतो का, परदेशातल्या लूथरन मिशनचा कागद आला होता तो? त्यांनी दोन प्रकारच्या माणसांसाठी फंड देऊ केला होता. एक, जे म्हातारपणामुळे नाहीतर आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत. दोन, जे आपला मुलूख सोडून परक्या ठिकाणी आले आहेत. त्यांना भेटा, त्यांच्याबरोबर बसा, प्रार्थना करा, लागेल ते द्या. एवढं साधं होतं. मी त्याचं मराठी केलं, 'गृहबद्ध व स्थलांतरित सेवा प्रकल्प'. मोठ्या तोऱ्यात तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, "गृहबद्ध? गाय हाये का रे ती, दावणीला बांधायला? सरळ लिही ना, पडलेली मानसं."

पडलेली माणसं आमच्या मंडळीच्या चाळीस घरांत भरपूर होती आणि त्या सगळ्यांना तू फंडाच्या आधी वीस वर्षं भेटत होतीस. बायबलबाई म्हणून तुला चर्च जे देत होतं त्यात तुझ्या चपलासुद्धा भागत नव्हत्या. यादीतला हा पडलेल्या माणसांचा रकाना भरायला कमिटीला काही कष्ट पडले नाहीत. पंचाईत झाली दुसऱ्या रकान्याची. खजिनदार म्हणाले, "जालन्यात कुठले आलेत परदेशी?" मंडळी विचारात पडली. मग सॅम्युएलरावांना प्रकाश दिसला. "परमुलखातून आलेले ना? आमची सून नगरची हाये. खजिनदारसाहेबांची सोलापूरची. मंग ह्या स्थलांतरितच झाल्या का न्हाई?" आणि दीना, मी ते लिहिलं. लग्न होऊन सासरी आलेल्या सात सुना मी परमुलखातून आलेल्या निराधार म्हणून यादीत घातल्या. पुढच्या महिन्यात सॅम्युएलरावांच्या सुनेनं गळ्यात सोन्याचा चपलाहार घालून मिशनची घोंगडी स्वीकारली, तिचा फोटो निघाला, आणि तिकडून उत्तर आलं की तो फोटो पाहून आम्हाला रडू आलं. आम्हालाही आलं असतं, थोडी तरी लाज असती तर.

खरे परमुलखातले तूच शोधलेस. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या मागे कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. तिकडून येताना तुला आपल्या गीताची चाल ऐकू आली, शब्द मात्र हिंदी. दुसरी कुणी असती तर क्षणभर थांबली असती नि पुढे गेली असती. तू न विचारता आत शिरलीस आणि दुसरं कडवं मराठीतून सुरू केलंस, तेही तुझ्या त्या बेसूर आवाजात. त्यांच्यातल्याच सलोमीनं मला नंतर सांगितलं, त्या बायकांना आधी वाटलं कुणी वेडी आली.

झारखंडची माणसं. आजोबा-पणजोबांपासून लूथरन. नवरे भट्टीवर, बायका बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायला. पुढच्या रविवारी तू बारा जणींना आणून मागच्या बाकांवर बसवलंस. उपासनेत कुठं उभं राहायचं, कुठं गुडघे टेकायचे, त्यांना सगळं पाठ. आपली मंडळी अजून पाळकसाहेबांकडे बघून उठते. बाहेर आल्यावर सॅम्युएलराव तुला म्हणाले, "ह्ये बिहारी लोक कोन आनले?"

"बिहारी न्हाईत, झारखंडचे हायेत. अन् लूथरन हायेत. तुमच्या बापानं टिळा पुसला त्याच्या आधीपासून."

मी मागे उभा होतो. इतका आनंद मला पोराच्या नोकरीचाही झाला नव्हता. पण यादीत त्यांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा कमिटी म्हणाली, त्यांच्या मूळ मंडळीचं बदलीपत्र आणलेलं नाही, तेव्हा नियमानं ते आपले नव्हेत. बदलीपत्र! दोन दिवस दोन रात्री रेल्वेच्या दारात बसून आलेल्या माणसाकडे ह्यांनी बदलीपत्र मागितलं. त्या बारा जणी यादीबाहेर राहिल्या आणि सात सुना आत. मी सेक्रेटरी, मी सही केली.

तूही काही संत नव्हतीस, हेही लिहून ठेवतो, नाहीतर रविवारी पाळकसाहेब तुझ्या डोक्याभोवती प्रभावळ काढतील. चौदा घरं फिरायचीस आणि चौदा घरांच्या बातम्या पंधराव्या घरी सांगायचीस. कुणी रडायला लागलं की तुझं डोकं सणकायचं. "रडून घे आदी, मी तवर भांडे घासते," असं तू मरणाऱ्या माणसाच्या बायकोला म्हणाल्याचं मी या कानांनी ऐकलं आहे. लांबलेल्या प्रार्थनेत तू घोरायचीस. आणि माझ्या हातच्या चहाला तू कधी चहा म्हटलं नाहीस.

आपलं शेवटचं भांडण फोटोवरून झालं. मिशनला दर भेटीचा फोटो हवा होता. तू पहिल्या रकान्यातल्या याकोबबाबाचा फोटो काढायला नकार दिलास.

"मानूस लुंगीत पडेल हाये, अंगाखाली ओलं हाये, त्याचा फोटो कामून काढायचा?"

मी म्हणालो, "फोटो नसला तर भेट झाली असं कोण मानील?"

"ज्याला भेटले त्यो मानतो ना. बाकीच्यायला काय करायचं हाये?"

"दीना, फोटो नाही तर फंड नाही. फंड नाही तर काम नाही."

"काम तर मी करूनच राह्यले. तू तुझ्या फंडाचं बघ."

त्यानंतर तू तीन आठवडे माझ्याशी बोलली नाहीस. मग मला वाटलं आपण पुन्हा नीट भांडू, एखाद्या दुपारी, निवांत. माझ्याकडे अजून दोन-तीन मुद्दे शिल्लक होते. ते मुद्दे काय होते हे आज आठवत नाही, आणि आठवले तरी तुझ्यापुढे टिकले नसते. याकोबबाबाचा फोटो सॅम्युएलरावांनी स्वतः जाऊन काढला. त्यात बाबाचा एक हात दिसतो आणि सॅम्युएलराव पूर्ण दिसतात.

मग तू पडलीस. तीर्थपुरीच्या दोन म्हाताऱ्यांना भेटायला गेल्तीस, एसटीच्या पायरीवरून उतरताना पाय सटकला आणि खुबा गेला. प्रकल्पाची गाडी त्या दिवशी खजिनदारांच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेली होती. ऑपरेशन झालं, पण तू उठली नाहीस. म्हणजे, दीना, तू आता सरळ सरळ त्या पहिल्या रकान्यातली झालीस. जालना जिल्ह्यात त्या रकान्यात बसायचा तुझ्याइतका हक्क कुणालाच नव्हता.

कमिटीत मी विषय काढला, एवढं मला सांगू दे. म्हणालो, दीनाबाईचं नाव गृहबद्धांत घेऊ.

सॅम्युएलराव म्हणाले, "त्या तर कार्यकर्त्या हायेत. येकच नाव दोन्हीकडं कसं घेता येईन? वरचे विचारतीन."

"मग कार्यकर्त्यांतून काढा."

"काढल्यावर कार्यकर्ती कोन दाखवायची? दुसरी हाये का? कार्यकर्तीबिगर फंड बंद व्हतो, मास्तर, तुम्हीच तर वाचून दाखवलं व्हतं."

पाळकसाहेब म्हणाले, "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. बाई बऱ्या होतील. तोवर आहे तसं चालू द्या."

मी विचारलं, "आणि तोवर तिला भेटायला कोण जाईल?" तेवढ्यात चहा आला. प्रश्न चहात बुडाला आणि मी बिस्किट घेतलं.

आहे तसं चालू राहिलं. म्हणजे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही, मी सांगतो. तू खाटेवर होतीस आणि अहवालात तू फिरत होतीस. ज्यांना कुणीही भेटलं नाही अशा चौदा घरांना तू दर महिन्याला भेटलीस. दोनदा तर मी तुला तीर्थपुरीला पाठवलं. तुझ्या भेटींची वर्णनंही मी लिहिली, आणि चांगली लिहिली. म्हाताऱ्या तुझा हात कसा सोडत नाहीत, तू निघताना कशा डोळे पुसतात. तिकडून कौतुकाची पत्रं आली. भेट देणारीला भेटायला जायची सोय त्या प्रकल्पात नव्हती, कारण ती भेट देत होती. अशी चूक करायला साधा मूर्ख पुरत नाही, चांगली शिकलेली, प्रार्थना करून बैठक सुरू करणारी सात माणसं लागतात.

आणि तू प्रभुभोजन मागितलंस. सलोमीच्या हाती निरोप पाठवलास की पाळकसाहेबांना म्हणावं, मला चर्चला येता येत नाही, भाकर आणि प्याला घरी घेऊन या. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी परदेशातून पाहुणे आल्ते. त्यांना राजूरच्या रस्त्यावरच्या मळ्यात मोसंबी खायला न्यायचं होतं. त्यानंतर पुढचा रविवार आणि पुन्हा पुढचा. घरी खिळलेल्यांसाठीची ती प्रभुभोजनाची छोटी पेटी, मिशननंच पाठवलेली, चर्चच्या कपाटात नव्यासारखी चकचकीत आहे. तिच्यातला प्याला अजून कुणाच्या ओठाला लागलेला नाही.

त्यांची छी-थू करणं सोपं आहे, आणि मला त्यात मजाही येते आहे, हे लपवत नाही. पण सुमनचं काय?

माझी बायको सुमन दोन वर्षं अंथरुणावर होती. तेव्हा फंड नव्हता, रकाने नव्हते, अहवाल नव्हता. तू दर गुरुवारी यायचीस. तिचे केस धुवायचीस, तिच्या पाठीला पावडर लावायचीस, आणि मला स्वयंपाकघरात पिटाळून तिच्याशी काहीतरी कुजबुजायचीस. मग दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. त्या घरात दोन वर्षांत दुसरं कुणी हसलं नाही. तुम्ही कशाला हसत होता हे सुमननं मला कधी सांगितलं नाही. तुला विचारायचं होतं. ती गेल्यावरही तू पुढच्या गुरुवारी आलीस, भाकरी थापलीस, मला वाढलंस आणि म्हणालीस, "जेव मास्तर. आता तुला भेटायला येत जाईन." त्या उपकाराची मी काय परतफेड केली? तुझं घर माझ्या घरापासून तीन गल्ल्या. मी रोज सकाळी मोतीबागेपर्यंत फिरायला जातो, डॉक्टर म्हणतो तब्येत ठणठणीत आहे. आठ महिन्यांत मी तुझ्याकडे एकदाही आलो नाही.

कारण मला ठाऊक आहे. आलो असतो तर तू विचारलं असतंस, "काय मास्तर, काय लिहून राह्यला आजकाल?" आणि तुझ्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. लहानपणी आपण दोघं मिशनच्या बोर्डिंगमध्ये होतो, तिथं मी भाकरी चोरली तेव्हाही आलं नव्हतं. म्हणून मी ती गल्लीच टाळली. लांबच्या रस्त्यानं चर्चला जायला लागलो. भित्रेपणासाठी इतकं चालणारा माणूस आमच्या मंडळीत दुसरा नसेल.

तर दोन दिवस लिहून झाल्यावर माझं ठरलं आहे. उद्या रविवार. उपासना सुटली की ही पानं मी सॅम्युएलरावांच्या हातात ठेवणार, आणि इंग्रजी करून तिकडेही मीच पाठवणार, यादीसकट, सुनांसकट. फंड बंद होईल. होऊ दे. ज्यांना खरंच कुणी भेटत होतं त्यांना फंडामुळे भेटत नव्हतं. मला ते चर्चमधून काढतील, तेही होऊ दे. पण एक गोष्ट या पानांत यायची राहिली आहे आणि ती मला टाळता येणार नाही.

मातीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल दुपारी, तुझ्या घरी गेलो. पहिल्यांदा. सलोमी आवरत होती. आठ महिने शिफ्ट संपली की ती आणि तिच्या खोलीतल्या दोघी आळीपाळीनं तुझ्याकडे येत होत्या, तुझं अंग पुसत होत्या, भात भरवत होत्या. त्यांचं नाव कुठल्याही रकान्यात नाही. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. तिनं मला बस म्हटलं नाही, हेही योग्यच होतं. काम करता करताच ती बोलली.

"दीदी हर इतवार सुबह बाल बनवाती थी. सफेद साडी पहनाओ बोलती थी. चर्च छूटने का टाइम हुआ कि तकिया लगाके बैठ जाती थी. बोलती थी, आज कोई आएगा."

तिनं खाटेवरची चादर ओढून घडी केली.

"चाय नहीं पीती थी. बोलती थी, मेहमान के साथ पिऊँगी. दो बजे तक बैठती थी ऐसे ही. फिर मैं जबरदस्ती पिलाती थी."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "माझं नाव काढलं होतं कधी?"

तिनं हातातलं काम थांबवलं. "आपका? आपका तो हर बार. मेरे को गुस्सा आता था, मैं बोलती थी, मास्टरजी तीन गली पे रहते, एक बार भी क्यों नहीं आते. तो दीदी मेरे को ही डाँटती थी. बोलती थी, मास्तर लिखने को बैठा होंगा. उसको बहोत लिखना पडता."

बरोबर ओळखलंस, दीना. मी लिहायलाच बसलेला असायचो. रविवारी उपासना सुटली की लांबच्या रस्त्यानं घरी यायचो, हातपाय धुवायचो, चष्मा पुसायचो आणि लिहायला बसायचो की या महिन्यात दीनाबाईंनी चौदा घरांना भेटी दिल्या.